नवा प्लेअर घ्यावा का? आधी कपाटातल्या डिस्क मोजा

दिवाळीत आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतल्या काकांनी ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला. भाऊबीजेच्या रात्री त्यांनी आवडत्या जुन्या सिनेमाची डीव्हीडी लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मला हाक मारली. "अगं, पैसे वाया गेले का माझे? जुन्या डबा टीव्हीवर हाच सिनेमा किती छान दिसायचा! आता चेहरे पुसट दिसतात, कडा थरथरतात, लाल रंग तर बाहेर पसरतो. दुकानदार म्हणतो प्लेअर जुना झाला, नवा फोर-के प्लेअर घ्या. घेऊ का?"

पुण्यात असा प्रश्न पडावा अशी घरं अजून पुष्कळ आहेत. भिंतीतल्या कपाटात दोन-तीनशे डिस्क असतात. काही लक्ष्मी रोडवरून घेतलेल्या, काही सीडी लायब्ररी बंद होताना स्वस्तात उचललेल्या, काही जुन्या बाजारात रविवारी हाती लागलेल्या. त्यांत व्हीसीडी असतात, डीव्हीडी असतात, क्वचित एखाद-दुसरी ब्लू-रे. मालकांचा त्यांच्यावर जीव असतो, आणि असावाच. म्हणून या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर उरकू नये असं मला वाटतं. प्लेअर काय करू शकतो आणि काय करू शकत नाही हे एकदा कळलं की निर्णय ज्याचा त्याला घेता येतो.

सगळ्यांत आधी चार आकडे पाहू, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे. व्हीसीडीवरचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं, म्हणजे साधारण एक लाख ठिपके. आपल्याकडच्या पाल नावाच्या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीचं ७२० बाय ५७६, म्हणजे ४,१४,७२०. ब्लू-रेचं १९२० बाय १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. फोर-के डिस्कचं ३८४० बाय २१६०, म्हणजे ८२,९४,४००.

आता काकांच्या टीव्हीचा विचार करा. त्या पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके आहेत आणि डीव्हीडी त्याला ४,१४,७२० ठिपके देते. भागाकार केला तर बरोबर २० येतात. पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांमागे एकच ठिपका डिस्कवरून आलेला असतो आणि उरलेले एकोणीस आजूबाजूचे रंग बघून अंदाजाने भरलेले असतात. या भरण्याला अपस्केलिंग म्हणतात. ते चांगलं करता येतं किंवा वाईट करता येतं, पण डिस्कवर नसलेली पापणी किंवा साडीचा नसलेला काठ त्यातून उगवत नाही. 'डीव्हीडी फोर-केमध्ये बघा' असं प्लेअरच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की हे एकोणीस ठिपके टीव्हीऐवजी प्लेअर भरेल. अलीकडचा बरा टीव्ही हे काम स्वतःच नीट करतो. त्यामुळे केवळ डीव्हीडी बघण्यासाठी नवा महाग प्लेअर घ्यायला मी कोणालाच सांगत नाही.

मग जुन्या टीव्हीवर चित्र छान का दिसायचं? एक तर तो २१ किंवा २९ इंची होता, आणि लहान चित्रातल्या उणिवा डोळ्याला दिसत नाहीत. शिवाय काचेच्या नळीच्या त्या टीव्हीला मोजून बसवलेले असे ठिपके नव्हते. त्यावर रेषा उमटायच्या, त्यांच्या कडा आपोआप मऊ व्हायच्या, आणि डीव्हीडी त्याच टीव्हींसाठी बनवलेली होती. काकांची आठवण खरी आहे. त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही.

मी त्यांच्या टीव्हीच्या मागे डोकावले तर पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन वायरी लटकत होत्या. लाल-पांढऱ्या दोन आवाजाच्या, आणि सगळं चित्र त्या एका पिवळ्या वायरीतून येत होतं. त्या वायरीत चित्राचा उजेड आणि रंग एकत्र कालवून पाठवले जातात आणि टीव्हीला ते पुन्हा निवडून वेगळे करावे लागतात. ते पूर्ण जमत नाही, म्हणून लाल रंग पसरतो आणि कडांवर मुंग्या चालल्यासारखे ठिपके दिसतात. काकांच्या प्लेअरला मागे एचडीएमआयचं, म्हणजे चित्र न कालवता आवाजासकट एकाच केबलनं पाठवणारं, छिद्र होतं, फक्त ते इतकी वर्षं कोणी वापरलं नव्हतं. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून साधी एचडीएमआय केबल आणली, लावली, आणि लाल रंग साडीच्या आत परतला. तुमच्याकडे पिवळी वायर असेल तर पुढचा लेख वाचण्याआधी ती बदला, असं मी मनापासून सांगते.

त्यानंतर रिमोट घेऊन दहा मिनिटं बसायचं. नवा टीव्ही घरी येतो तेव्हा तो दुकानाच्या झगमगाटात उठून दिसावा अशा बेतानं लावलेला असतो. चित्राचा प्रकार 'मूव्ही', 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' असा करा. शार्पनेस खाली आणा, कारण तो वाढवला की टीव्ही कडांभोवती पांढरी रेघ ओढतो आणि तिलाच आपण स्पष्टपणा समजतो. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. ही सोय मधली चित्रं स्वतः बनवून घालते आणि चांगला सिनेमा रोजच्या मालिकेसारखा दिसू लागतो. 'नॉइज रिडक्शन'ही कमी करा. जुन्या फिल्मवरचे बारीक कण घाण नव्हेत, फिल्मचा पोतच तसा असतो. ते पुसले की माणसांचे चेहरे मेणाचे होतात.

आणि एक विनंती. प्रभातच्या काळातले सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीत, चारास तीन अशा प्रमाणात चित्रित झालेले आहेत. टीव्ही भरावा म्हणून ते आडवे ताणू नका. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्यात. ज्या शहरात प्रभात कंपनी १९३३ साली आली, जिथे तिच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे आणि लॉ कॉलेज रोडवर १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्या शहरात तरी नटांचे चेहरे ओढून रुंद केलेले बघवत नाहीत.

एवढं झाल्यावर काकांचं निम्मं समाधान झालं. उरलेल्या निम्म्यासाठी डिस्ककडे वळावं लागेल.

एकाच आकाराच्या तीन तबकड्या

डीव्हीडी, ब्लू-रे आणि फोर-के डिस्क तिन्ही १२ सेंटिमीटर व्यासाच्या. बाहेरून सारख्याच दिसतात, फरक आतल्या लिखाणात आहे. बोरूनं पानावर दहा ओळी बसत असतील तर बारीक निबाच्या पेनानं तीस बसतात, तसंच हे. डीव्हीडी वाचायला ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल किरण असतो आणि तिच्या दोन ओळींमध्ये ०.७४ मायक्रॉन अंतर असतं. ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा किरण वापरतात, तिच्या नावातला 'ब्लू' तिथूनच आला. त्याचं टोक बारीक, म्हणून ओळींमधलं अंतर ०.३२ मायक्रॉनवर आलं. दोन थरांच्या डीव्हीडीत साडेआठ जीबी मावतात, दोन थरांच्या ब्लू-रेत ५० आणि तीन थरांच्या फोर-के डिस्कमध्ये १००. डीव्हीडी १९९६मध्ये आली, ब्लू-रे २००६मध्ये, फोर-के डिस्क २०१६मध्ये. जुना डीव्हीडी प्लेअर ब्लू-रे वाचू शकत नाही, कारण त्याच्याकडे तो बारीक किरणच नाही. उलटं मात्र चालतं. फोर-के प्लेअरवर ब्लू-रे आणि डीव्हीडी दोन्ही लागतात. व्हीसीडीचं तेवढं गृहीत धरू नका. कपाटात व्हीसीडी असतील तर त्या प्रत्येक नव्या यंत्रावर चालतीलच असं नाही, तेव्हा घेण्याआधी एक बरोबर नेऊन लावून बघा.

आता जागा जास्त मिळाली म्हणून काय बिघडलं-सुधारलं? इथे लोकांचं सगळं लक्ष ठिपक्यांच्या संख्येकडे जातं आणि माझ्या मते तिथेच चूक होते.

साधारण निरोगी नजर एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारीक तपशील ओळखते. ५५ इंची टीव्हीची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर. त्यावर पसरलेल्या डीव्हीडीचा एक ठिपका १.७ मिलिमीटर रुंद होतो आणि तो जवळजवळ १९ फुटांवरूनही वेगळा ओळखता येतो. म्हणजे नेहमीच्या हॉलमध्ये कुठेही बसा, डीव्हीडीचा मऊपणा दिसणारच. फुल एचडीचा, म्हणजे ब्लू-रेचा ठिपका सात फुटांच्या पुढे गेलं की ओळखू येत नाही. फोर-केचा साडेतीन फुटांच्या पुढे. काकांचा सोफा टीव्हीपासून नऊ फुटांवर आहे. पुण्यातल्या बहुतेक दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हे अंतर याच्याच आसपास असतं. नऊ फुटांवरून ब्लू-रेच्या पलीकडचे ठिपके दिसायला टीव्ही सत्तर इंचांच्या घरातला लागेल. तीक्ष्ण नजरेची तरुण मुलं याहून थोडं अधिक पाहू शकतात, चाळिशीच्या चष्म्याचं काय ते आपलं आपल्याला माहीत.

याचा अर्थ डीव्हीडीवरून ब्लू-रेवर जाणं ही मोठी उडी आहे, ती कोणालाही दिसते. ब्लू-रेवरून फोर-केवर जाणं ही नुसत्या ठिपक्यांच्या हिशेबानं लहान पायरी आहे. मग फोर-के डिस्क पाहून लोक भारावतात ते कशानं? उजेडानं.

संध्याकाळी देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहा. समईच्या वातीकडे बघताना ज्योतीतला पिवळा आणि केशरी वेगळा दिसतो, आणि त्याच वेळी मागच्या काळ्या दगडाचे उंचवटेही दिसतात. डीव्हीडी आणि साध्या ब्लू-रेचं चित्र १०० निट उजेड हे सर्वांत पांढरं धरून बेतलेलं असतं. निट हे पडद्याच्या उजेडाचं माप, आणि ही १०० ची मर्यादा काचेच्या नळीच्या टीव्हींच्या काळातली आहे. तेवढ्यात गाभारा बसवायचा म्हणजे ज्योत तरी पांढरा डाग होते नाहीतर दगड तरी काळा ठोकळा. फोर-के डिस्कवर एचडीआर नावाची सोय असते. तिच्यात उजळ भागांसाठी हजार, काही सिनेमांत चार हजार निटांपर्यंत जागा ठेवलेली असते. सगळं चित्र भगभगीत होत नाही. ज्योत, पाण्यावरची तिरीप, नथीतला मोती तेवढा लखलखतो आणि अंधार अंधारच राहतो.

रंगांच्या छटाही वाढतात. डीव्हीडी आणि ब्लू-रेवर प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, फोर-के डिस्कवर १,०२४. मिश्रणं धरली तर १.६७ कोटी रंगांवरून १०७ कोटींवर. सिंहगडाच्या मागे सूर्य उतरताना आकाशात जो केशरीपासून जांभळ्यापर्यंतचा उतार असतो, तो साध्या डिस्कवर कधीकधी पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. इथे तो सलग राहतो. नऊ फुटांवरून हे दिसतं, त्याला ठिपके मोजावे लागत नाहीत.

पण हे दाखवायची ताकद टीव्हीत हवी. खोक्यावर एचडीआरचं चिन्ह असलं म्हणजे टीव्ही तो संकेत समजतो, एवढंच ते सांगतं. स्वस्तातले अनेक टीव्ही तीनशे निटांच्या आसपास थांबतात. हजारासाठी रंगवलेलं चित्र तीनशेत कोंबलं की ते नुसतं काळवंडतं, आणि मग लोक म्हणतात यापेक्षा जुनी ब्लू-रे बरी होती. त्यांचं बरोबर असतं. पारख घरीच होते. रात्री सगळे दिवे घालवा, वर-खाली काळे पट्टे असलेला सिनेमा लावा. पट्टे खोलीतल्या अंधारात मिसळून गेले तर टीव्ही चांगला आहे. ते राखाडी चमकत असतील तर फोर-के डिस्कचा अर्धा आनंद त्या राखाडीतच जाईल. ओएलईडी टीव्हीत प्रत्येक ठिपका स्वतंत्र विझतो, म्हणून तिथे काळं खरंच काळं असतं. एलईडी टीव्ही असेल तर मागचे दिवे भागाभागानं मंद होतात का, हे दुकानात विचारा.

"मग नेटवरून फोर-के येतंच की!"

हा काकूंचा मुद्दा, आणि तो रास्त आहे. महिन्याचे पैसे भरतोय, फोर-के म्हणून लिहिलेलं दिसतं, मग डिस्क कशाला?

फोर-के चित्रासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १५ मेगाबिट वेगाचं कनेक्शन सुचवतं. तुमच्याकडे २०० एमबीपीएसचं कनेक्शन असलं तरी समोरून येणारी धार त्याच बेताची असते, कारण ती कंपनीनं आधीच बारीक करून ठेवलेली असते. अडीच तासांचा सिनेमा १५ एमबीपीएसनं आला तर सुमारे १७ जीबी भरतो. तोच सिनेमा फोर-के डिस्कवर ६६ किंवा १०० जीबीच्या जागेत ऐसपैस बसतो, आणि डिस्कवरून धार १२८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकते. साध्या ब्लू-रेलासुद्धा चित्रासाठी ४०पर्यंतची मुभा आहे.

ही काटकसर शांत दृश्यात कळत नाही. दोन माणसं खोलीत बोलताहेत, मागे भिंत आहे, अशा ठिकाणी फारसं काही बदलत नाही, त्यामुळे थोड्या माहितीत काम भागतं. आता अनंत चतुर्दशीची मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. लक्ष्मी रोडवर गुलाल उडतोय, वरून पाकळ्या पडताहेत, शेकडो हात एकाच वेळी ढोलावर पडताहेत. दर क्षणी चित्राचा प्रत्येक कोपरा बदलतो. कमी माहितीत हे मावत नाही आणि गुलालाचे चौकोनी ढेकूळ होतात. ताम्हिणीतला पाऊस, धुकं, शेकोटीचा धूर, अंधाऱ्या वाड्यातली सावली, सगळीकडे हेच. अशा दृश्यांत साधी ब्लू-रे मला नेटवरच्या फोर-केपेक्षा चांगली वाटते, आणि हे मी आमच्या घरी एकाच टीव्हीवर दोन्ही लावून पाहिलेलं आहे.

आवाजातही तोच प्रकार. ब्लू-रे आणि फोर-के डिस्कवर स्टुडिओतला आवाज काहीही न गाळता ठेवता येतो. नेटवर तो आवळून येतो. मात्र आवाज टीव्हीच्याच स्पीकरमधून ऐकणार असाल तर हा परिच्छेद सोडून द्या, काहीही फरक पडणार नाही. घरात जुनं होम थिएटर असेल तर एक गोष्ट पक्की करा. टीव्हीतून साउंडबारकडे आवाज नेणारी साधी एआरसी जोडणी तो न गाळलेला आवाज वाहू शकत नाही. त्यासाठी तिची सुधारलेली आवृत्ती, ई-एआरसी, लागते, नाहीतर प्लेअरची केबल आधी अॅम्प्लिफायरला आणि तिथून टीव्हीला न्यावी लागते. अॅम्प्लिफायर फोर-केच्या आधीचा असेल तर दोन एचडीएमआय छिद्रांचा प्लेअर शोधा, म्हणजे चित्र टीव्हीला आणि आवाज अॅम्प्लिफायरला असा वेगळा जातो.

आवाजाचं निघालंच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुण्यात गाणं ऐकणारे कान जास्त आहेत. आपली टीव्हीची जुनी पद्धत सेकंदाला २५ चित्रांची आणि सिनेमा २४ चित्रांचा. हे जुळवायला पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर सिनेमा सरळ थोडा जोरात पळवतात. अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो. वेग वाढला की सूरही चढतो, मुद्दाम दुरुस्त केला नसेल तर. पेटीवर पांढरी एक आणि काळी एक यांच्यातलं अंतर दहा भागांत कापलं तर त्यातले सात भाग सूर वर सरकतो. पेटी घेऊन डीव्हीडीवरच्या गाण्यासोबत बसलात आणि कुठल्याच पट्टीत नीट जुळलं नाही, असं झालंय का कधी? कारण बहुधा हेच. बाजारात एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या सेकंदाला ३० चित्रांच्या पद्धतीच्या डीव्हीडीही पुष्कळ आल्या. त्यांत सूर बिघडत नाही, पण चित्रं कमी-जास्त वेळा पुन्हा दाखवून आकडा भरलेला असतो आणि कॅमेरा सावकाश फिरताना चित्र अडखळतं. ब्लू-रे आणि फोर-के डिस्कवर सिनेमा २४ चित्रांनीच चालतो. गाणं ज्या पट्टीत ध्वनिमुद्रित झालं त्याच पट्टीत ऐकू येतं. संगीतप्रधान सिनेमांच्या चाहत्याला ब्लू-रे घ्यायला माझ्या लेखी एवढं कारण पुरेसं आहे. प्लेअरच्या सेटिंगमध्ये '२४पी' चालू आहे ना, ते बघा.

नातेवाईक, प्रदेश आणि बंद होणारी दुकानं

काकांची मुलगी अमेरिकेत आहे आणि डिसेंबरात येणार आहे. "तिला डिस्क आणायला सांगू का?" हा पुढचा प्रश्न आलाच. डीव्हीडीवर प्रदेशाचं कुलूप असतं. भारत पाच नंबरच्या प्रदेशात, अमेरिका एकमध्ये. तिकडची कुलूपबंद डीव्हीडी इथल्या साध्या प्लेअरवर चालत नाही. ब्लू-रेला तीन प्रदेश आहेत, अमेरिका 'ए'मध्ये, आपण 'सी'मध्ये, पण पुष्कळ ब्लू-रे डिस्कना कुलूप लावलेलंच नसतं. मागवण्याआधी त्या विशिष्ट डिस्कची चौकशी करावी. फोर-के डिस्कला प्रदेशाचं कुलूप नाही, जगात कुठूनही आणा. प्लेअरच तिकडून आणणार असाल तर मागच्या पट्टीवर किती व्होल्ट लिहिलंय ते वाचा. फक्त ११० असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात तो जळेल. आणि त्या प्लेअरवर इथल्या कुलूपबंद डीव्हीडी, ब्लू-रे चालणार नाहीत हेही ध्यानात ठेवा.

निवड कमी होत चालली आहे हे खरं. ओप्पोनं २०१८मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, एलजीनं २०२४मध्ये. पॅनासॉनिक आणि सोनी ही मुख्य नावं उरली आहेत. घरात मुलांनी गेम खेळायला डिस्कच्या खाचेचा प्लेस्टेशन ५ घेतला असेल तर फोर-के प्लेअर तुमच्याकडे आधीच आहे. त्यावर ऑडिओ सीडी मात्र लागत नाही, आणि डिस्कविना येणाऱ्या मॉडेलचा या कामी उपयोग नाही. फोर-के प्लेअर टीव्हीला जोडताना टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या एचडीएमआय छिद्राचा वाढीव सिग्नल चालू करावा लागतो. अनेक टीव्हींवर तो बंद असतो, आणि मग सगळं विकत घेऊनही एचडीआर लागतच नाही.

फोर-के म्हणून विकली जाणारी प्रत्येक डिस्क सारखी नसते. साधारण २००० नंतरच्या दशकात कितीतरी सिनेमांचं संगणकावरचं अंतिम काम टू-केमध्ये, म्हणजे जवळजवळ ब्लू-रेच्याच ठिपक्यांत झालं. त्यांची फोर-के डिस्क म्हणजे उजेड आणि रंगांची सुधारणा, तपशिलाची फारशी नाही. याउलट साठ वर्षांपूर्वी ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेला सिनेमा, मूळ निगेटिव्ह शाबूत असेल आणि ती काळजीनं स्कॅन केली असेल, तर खरोखरीचा फोर-के तपशील देतो. जुन्या सिनेमाला नवं यंत्र काय कामाचं, असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

आणि डिस्क आपली असते. नेटवरचा सिनेमा करार संपला की एका रात्रीत नाहीसा होतो. ज्या सिनेमांवर आपला जीव आहे ते आपल्या कपाटात असावेत, एवढी माझी ठाम भूमिका आहे. ते कपाट मात्र पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका. डिस्क उभ्या ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि पुसताना मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नव्हे. गोल ओरखडा ओळीच्या दिशेनं जातो आणि यंत्राला ती ओळ लांबवर वाचता येत नाही.

आता निर्णय. काकांना मी एका उलट्या लग्नपत्रिकेवर यादी करायला सांगितली. अट एकच, तिसऱ्यांदा बघावेसे वाटतील असेच सिनेमे लिहायचे. बावीस नावं झाली. मग एकेकाचा शोध घेतला. बावीसपैकी तेरा मराठी. मराठी सिनेमे ब्लू-रेवर फारसे निघालेच नाहीत आणि त्या तेरापैकी एकही सापडला नाही. ते डीव्हीडी-व्हीसीडीवरच राहणार, म्हणजे जुना प्लेअर आणि नवी एचडीएमआय केबल हीच त्यांची जोडी. जुन्या प्लेअरला हात लावायचा नाही, असं ठरलं. उरलेल्या नऊपैकी सात ब्लू-रेवर मिळत होते आणि त्या सातातले दोन फोर-केवरही. रात्री दिवे घालवून पाहिलं तर त्यांच्या टीव्हीचे काळे पट्टे राखाडी दिसले.

दोन डिस्कसाठी आणि त्या राखाडी पट्ट्यांसाठी फोर-के प्लेअर घेण्यात काही अर्थ नव्हता. टीव्ही ओएलईडी असता किंवा यादीतले दहा-बारा सिनेमे फोर-केवर असते तर मी लगेच घ्या म्हटलं असतं, कारण यंत्रं पुढे आणखी दुर्मीळ होतील. काकांसाठी साधा ब्लू-रे प्लेअर ठरला. सोसायटीतल्याच एकांच्या घरी न वापरता पडलेला होता, तो त्यांनी घेतला. सातपैकी तीन डिस्क कुलुपाची चौकशी करून मुलीला सांगितल्या.

आमच्या घरातली एक ब्लू-रे मी तोवर त्यांना दिली. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर लावली. दहा मिनिटं बघून काका उठले, मला वाटलं आवाज वाढवायला चाललेत. त्यांनी सोफ्याचं एक टोक धरलं, दुसरं मला धरायला सांगितलं, आणि आम्ही तो दोन फूट पुढे ओढला.